हुद्दार सरांचा आरसा

"सर, सही करणार आहात की नाही, तेवढं सांगा. हो म्हणा, नाही म्हणा, पण 'बघू' म्हणू नका."

हुद्दार सरांनी माझी फाइल मिटली, टेबलाच्या कडेला नीट सरळ लावून ठेवली आणि म्हणाले, "बघू ना, बाई."

माझं डोकंच फिरलं. तसं ते फिरायला फार काही लागत नाही. आम्ही कराडकडची माणसं, पोटातलं ओठावर यायला आमच्यात वेळ लागत नाही. पण त्या दिवशी कारणही तसंच होतं. ती फाइल दिल्लीहून पुन्हा परत आली होती आणि तिच्यावर पुन्हा तोच शेरा होता : नियमित संचालक रुजू झाल्यावर सादर करावी. नियमित संचालक! आमचे आधीचे संचालक निवृत्त झाले, त्यांना नात झाली, तिचं बारसं झालं, ती चालायला लागली, तरी नवा माणूस काही येईना. मुलाखती ठरायच्या आणि रद्द व्हायच्या. तोवर कारभार प्रभारी संचालकांकडे, म्हणजे डॉ. त्र्यंबक हुद्दारांकडे.

आणि प्रभारी कसे, तर संचालकांच्या खोलीत ती मोठी खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल, तशीच रिकामी. हे तिच्या शेजारी एक छोटं टेबल लावून बसायचे. पहिल्या दिवशी शिपायानं खुर्ची पुसून पुढे ओढली तर म्हणाले होते, "राहू द्या. ती कायमच्या माणसाची." पगार, रजा, विजेचं बिल, एवढ्यावर सही. त्यापलीकडचं काही समोर आलं की "बघू ना."

"सर, जानेवारीअखेर दुर्बीण द्यायची आहे," मी म्हणाले. "नाही दिली तर उपग्रहवाले आपल्या जागी ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवणार आहेत. तेवढ्याच वजनाचा. आपली दुर्बीण कपाटात आणि ठोकळा आकाशात! चालेल तुम्हाला?"

"नाही ना चालणार."

"मग आरसा नवा मुलामा चढवायला परदेशात पाठवायची परवानगी द्या. पैसे मंजूर आहेत. आहेत ते मार्चअखेर परत जातील. पुढच्या वर्षी मिळतील याची खात्री ब्रह्मदेवसुद्धा देणार नाही."

"पैसे आहेत. अधिकार नाही."

"अधिकार नाही का हिंमत नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि एकदा निघालं म्हटल्यावर मी थांबले नाही. "सगळ्या संस्थेला माहीत आहे सर, तुम्हाला इथे कायम व्हायचंय. तुमचं नाव यादीत आहे. म्हणून कशाला हात लावायचा नाही, कुठे डाग पडू द्यायचा नाही. आमचं काय होईल ते होवो."

ते घड्याळाकडे बघून उठले आणि म्हणाले, "माझे खडे भट्टीत आहेत, बाई. जळतील."

आणि गेले की निघून!

हे खड्यांचं प्रकरण सांगायला हवं. ओल शोषून घेणारे निळे खडे असतात. ओल प्यायले की गुलाबी पडतात, आणि भाजले की परत निळे होतात. प्रयोगशाळेच्या छोट्या भट्टीत हे खडे भाजणं हा हुद्दार सरांचा जुना उद्योग. ते आधी अधूनमधून करायचे, प्रभारी झाल्यावर जास्तच करायला लागले. संस्था बुडतेय आणि आमचे प्रभारी खडे भाजतायत, असं आम्ही म्हणायचो. मी तर जेवणाच्या टेबलावर त्यांच्या चालीची नक्कलही करून दाखवायची.

आम्ही जी दुर्बीण बनवत होतो ती पाणी भरायच्या बादलीएवढी होती. अतिनील प्रकाशात तारे बघणारी. हा प्रकाश जमिनीपर्यंत पोचत नाही, हवा तो वरच गिळून टाकते, म्हणून दुर्बीण उपग्रहावर चढवायची. तिचा जीव म्हणजे तिचा आरसा. जेवणाच्या ताटाएवढा, आणि त्यावर एक खास मुलामा. हा मुलामा इतका नाजूक, की दमट हवेत उघडा राहिला तर त्याच्यावर डाग पडतात. म्हणून आरशाच्या पेटीत सतत कोरडा नायट्रोजन सोडावा लागतो. त्याची टाकी पुरवायचं वार्षिक कंत्राट होतं. ते जूनमध्ये संपलं. नव्या कंत्राटाला वित्त समितीची बैठक हवी, बैठकीला संचालक हवा. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, अशी गत. श्रावणात आम्ही पेटी उघडली तेव्हा आरशावर कोड फुटल्यासारखे पांढरे चट्टे होते.

त्या दिवशी कावेरी, माझी विद्यार्थिनी, माझ्या शेजारी उभी होती. तिची शिष्यवृत्तीही संचालकाच्या सहीवाचून अडकली होती. घरून पैसे मागवून पोरगी पुण्यात राहत होती. ती आरशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी थांबले असते हो." पंधरवड्यात ती एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात लागली. मी तिला अडवू शकले नाही. काय सांगून अडवणार?

हुद्दार सरांशी भांडून मी प्रयोगशाळेत आले तेव्हा इक्बाल मुजावर चहा पीत बसला होता. मुजावर आमचा यंत्रज्ञ, मिरजेचा. आमच्या दुर्बिणीतला एकेक स्क्रू त्याच्या हातून गेलेला. उपग्रहवाल्यांनी मापं जुळवून बघायला तो ॲल्युमिनियमचा ठोकळा आधीच आमच्याकडे पाठवला होता, आणि मुजावरनं त्याच्यावर बशी ठेवली होती.

"काय म्हणाले?"

"बघू."

"मग मॅडम, ठोकळाच जाणार वर. ठोकळ्याचं बरं असतं. त्याला ना सही लागते, ना नायट्रोजन." मग माझा चेहरा बघून त्यानं दुसरा कप पुढे सरकवला. "साखर जास्त घातलीय. प्या."

मी चहा प्यायले आणि उपग्रहवाल्यांना माघारीचं पत्र लिहायला बसले. कितीतरी वर्षांचं काम होतं ते. मूल लहान असताना त्याला पाळणाघरात ठेवून केलेलं, सासूबाईंच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून केलेलं. आणि ते सोडतोय असं लिहायला दोन ओळी पुरत होत्या. मी त्या लिहिल्या आणि पाठवायचा धीर होईना म्हणून तशाच ठेवल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी आम्ही नुकतेच आलो होतो, तेव्हा दारात हुद्दार सर उभे. छातीशी धरलेली एक चौकोनी पेटी. बरोबर शिपाई नाही, कुणी नाही.

"बाई, जरा जागा करून द्या ना टेबलावर."

आमचं बोलणं बंदच होतं, म्हणजे माझ्याकडून. मुजावरनं घाईनं टेबल पुसलं. सरांनी पेटी ठेवली, खिशातून हातमोजे काढून घातले, कड्या उघडल्या. आत कापडी पुरचुंड्यांमध्ये ते निळे खडे, आणि त्यांच्या मधोमध, मऊ कापडात, आरसा. ताटाएवढा. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. मुजावरच्या तोंडून "या अल्ला" निघून गेलं.

"हा तुमच्यात बसतो का, ते बघा," सर म्हणाले.

आता हा कुठला आरसा ते मला माहीत होतं. संस्थेत सगळ्यांनाच माहीत होतं, पण दंतकथा माहीत असते तसं. हुद्दार सर तरुण असताना त्यांनी अशीच एक दुर्बीण बनवली होती. आमच्या धंद्यात जी वस्तू वर पाठवायची तिचा जुळा भाऊ बनवून खाली ठेवतात, न जाणो ऐन वेळी लागला तर. सरांची दुर्बीण ज्या रॉकेटवर बसली, ते वाटेतच बिघडलं आणि समुद्रात पडलं. दुर्बीण गेली. हा जुळा आरसा मागे राहिला. परत एकदा वर जायची संधी मिळेल म्हणून सरांनी तो इतकी वर्षं सांभाळला. नायट्रोजनच्या कंत्राटावर विसंबून नाही, तर स्वतः खडे भाजून. आमच्या आरशावर चट्टे उठले तेव्हा याच्यावर का नाही उठले, हे मला तेव्हा, त्या टेबलापाशी, कळलं.

मुजावरनं मापं घेतली. "वक्रता जवळजवळ तीच आहे, मॅडम. कॅमेरा बोटभर पुढे घेतला की झालं. पण..."

"पण काय?" सर म्हणाले.

"आरसा आमच्या कोंदणाला मोठा होतो, सर. चारी बाजूंनी गोल कड घासून सपाट करावी लागेल."

"घासा ना."

"सर," आता मला बोलावंच लागलं, "कड घासली की तो तुमच्या दुर्बिणीत परत कधी बसणार नाही."

"माहीत आहे ना, बाई. माझीच दुर्बीण आहे."

"मग?"

ते हातमोजे काढत होते. एकेक बोट सोडवत, सावकाश. "प्रभारी माणसाला बाहेरून काही घ्यायचा अधिकार नाही. पण एका विभागातलं सामान दुसऱ्या विभागाला द्यायचा आहे. नियम वाचला मी. फार वाचावे लागले, म्हणून वेळ लागला. देणारा विभाग माझा, मंजूर करणारा मी. कोणाला विचारायचं नाही."

"आणि मी पाठवलेली फाइल? तिच्यावर सही केली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"तुमचा आरसा परदेशात गेला असता. मग इकडे कोणीतरी विचारलं असतं, हे मंजूर करणारा हुद्दार कोण? बिल अडकलं असतं. मग आरसा तिकडे, तुम्ही इकडे आणि ठोकळा वर." ते जरासे हसले. "मी भित्रा आहे, बाई, ते खरंच आहे. पण यात भित्रेपणा नव्हता."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मुजावर माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणत होता, घ्या आता, वाद नंतर घाला.

"घेते," मी म्हणाले. नुसतं तेवढंच. आभार मानायचं मला सुचलंसुद्धा नाही, कारण मनात कुठेतरी अजून होतंच, की यात ह्यांचा काहीतरी फायदा असेल. वाईट खोड असते एकेक.

काच घासायची ती पाण्याखाली घासतात, म्हणजे तापत नाही. पण आमच्या मुलाम्याला पाण्याचं वावडं. त्यामुळे मुजावरला कोरडंच घासायचं होतं. दोन फेरे फिरवायचे, थांबायचं, काच निवू द्यायची, भुकटी ओढून घ्यायची, परत दोन फेरे. घाई केली तर तडा. मुजावरनं घरी सांगून ठेवलं होतं की हे काम होईपर्यंत मला कुणी फोन करायचा नाही. त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलतही नव्हतं. रोज सकाळी दाराशी ताज्या भाजलेल्या निळ्या खड्यांची पुरचुंडी ठेवलेली असायची. सर स्वतः मात्र आत आले नाहीत.

तीन कडा झाल्या होत्या. चौथी चालू होती. दुपारी निर्मलाताई वाघ माझ्या खोलीत आल्या. निर्मलाताई म्हणजे संचालकांच्या कार्यालयातल्या सचिव. येतील ते संचालक आणि जातील ते संचालक, ताई तिथेच. त्या कधी कुणाच्या खोलीत जायच्या नाहीत, आपणच त्यांच्याकडे जायचं.

"घाणेकर मॅडम, एक विचारायचं होतं," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "सरांच्या मुलाखतीची तारीख आली. डिसेंबरात आहे, दिल्लीला. ह्या वेळी रद्द होणार नाही म्हणतात."

"बरं झालं. होतील कायम," मी म्हणाले. आवाजातला तिखटपणा काही गेला नव्हता.

"तेच तर. मुलाखतीत प्रत्येकानं सांगायचं असतं, मी संचालक झालो तर पुढची पाच वर्षं काय करीन. सरांचं ते सगळं टाइप मीच केलंय. दोन वर्षांपूर्वीच तयार आहे. सगळं त्या आरशावर आहे, मॅडम. आरसा नव्या दुर्बिणीत बसवून वर पाठवायचा, त्यावर सगळ्या विभागांना काम द्यायचं. काल सर म्हणाले, निर्मलाताई, ते आता फाडून टाका. नवीन काय टाइप करू विचारलं तर म्हणाले, काही नाही." ताई जायला वळल्या आणि थांबल्या. "माणूस रिकाम्या हातानं जाणार तिथे. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. तुम्ही रागावू नका."

मी ताईंना बसा म्हणायचंसुद्धा विसरले. पळत घासायच्या खोलीत गेले. मुजावरनं माझ्याकडे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. चाकाचा आवाज थांबला. त्यानं भुकटी ओढून घेतली आणि मग मान वर केली.

"झाली, मॅडम. चौथी पण झाली. तडा नाही कुठे."

त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता, आणि मी मटकन स्टुलावर बसले.

सर आपल्या छोट्या टेबलापाशी बसून रजेचे अर्ज बघत होते. मी दार ढकलून आत गेले.

"सर, तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"काय?"

"मुलाखतीचं. आरशाचं. तुमची सगळी मांडणी त्याच्यावर होती."

"निर्मलाताई आल्या होत्या वाटते." त्यांनी पेन मिटलं. "बसा ना, बाई."

"मला नाही बसायचं. तुम्ही थांबू शकला असतात. मुलाखत झाली असती, तुम्ही संचालक झाला असता, मग माझ्या फाइलवर सही केली असती. तुमचं पण झालं असतं, माझं पण."

"मीही तेच धरून बसलो होतो. म्हणून तर तुम्हाला बघू, बघू म्हणत होतो. पण मुलाखत डिसेंबरात. आदेश निघायला होळी येईल. तुमची तारीख जानेवारीची. मी गणित मांडून बघितलं, जमत नव्हतं."

"म्हणून तुम्ही तुमचं सोडून दिलंत?"

त्यांना माझा प्रश्न खरंच कळला नसावा, असा चेहरा झाला. मग ते सावकाश, वर्गात शिकवावं तसं म्हणाले, "बाई, मला संचालक कशासाठी व्हायचं होतं? आरसा वर पाठवायला. दुसऱ्या कशासाठी नाही. मला कुठे सभा घेता येतात? आता आरसा चाललाच आहे वर. मग संचालक कशाला व्हायचं?"

मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन, पदरानं नाक पुसत. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं ते, कावेरीचं, चट्ट्यांचं, माघारीच्या पत्राचं. आणि या माणसाची नक्कल करून मी लोकांना हसवत होते, त्याचंही. हुद्दार सर पार गोंधळून गेले. उठले, परत बसले, पाण्याचा ग्लास उचलला, त्यात पाणीच नव्हतं.

"अहो, काय करता बाप्पा," ते म्हणाले. "रडू नका. दमट होते ना हवा. आरसा शेजारच्याच इमारतीत आहे."

रडता रडता मला हसू आलं. तेही हसले. त्यांना विनोद करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "सर, मी तुम्हाला फार बोलले त्या दिवशी," मी म्हणाले. ते म्हणाले, "बोललात म्हणून तर नियमांचं पुस्तक काढलं. एरवी मी बसलोच असतो मुलाखतीची वाट बघत." आणि रजेचे अर्ज पुढे ओढले.

डिसेंबरात ते दिल्लीला जाऊन आले. निवड दुसऱ्याची झाली. नवे संचालक बाहेरचे होते, भला माणूस, कामाचा. आल्या आल्या त्यांनी वित्त समितीची बैठक लावली आणि नायट्रोजनचं कंत्राट पहिल्या दिवशी मार्गी लावलं. सर आपल्या जुन्या खोलीत परत गेले. मधे एकदा मी विचारलं, मुलाखतीत काय सांगितलंत? म्हणाले, "घाणेकरबाईंची दुर्बीण चांगली आहे म्हणून सांगितलं. अजून काय सांगणार?"

दुर्बीण वेळेवर गेली. बसवली गेली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी उपग्रह उडाला आणि ह्या वेळी रॉकेटनं दगा दिला नाही. आम्ही पडद्यावर बघत होतो. मुजावरनं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते आणि बोटांच्या फटीतून बघत होता. सर सगळ्यात मागच्या रांगेत बसून होते. धुराची रेघ वर गेली, वळली, दिसेनाशी झाली. सगळे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा मी मागे बघितलं, तर ते डोळे मिटून बसले होते.

आता आमच्यात एक रीत असते. दुर्बिणीचं झाकण उघडलं की पहिल्यांदा कुठे बघायचं, ते ठरवायचा मान दुर्बिणीच्या प्रमुखाचा. त्यावरून लोक वर्षानुवर्षं स्वप्नं बघतात. माझीही यादी तयार होती. पण झाकण उघडायच्या आदल्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले.

"सर, उद्या कुठे बघायचं?"

"तुमचा मान आहे, बाई."

"माझा मान आहे म्हणूनच मी तो कुणालाही देऊ शकते. एका विभागातलं सामान दुसऱ्या विभागाला. सांगा, कुठे?"

मला वाटलं, म्हणतील बघू ना. पण त्यांनी एका दमात ताऱ्याचा पत्ता सांगितला. आकाशातल्या पत्त्याचे आकडे असतात, लांबलचक, ते त्यांनी स्वतःच्या घरचा पत्ता सांगावा तसे म्हणून दाखवले. मग ओशाळून म्हणाले, "तिथे एक मंद तांबूस तारा आहे. ऐन तिशीत माझा एक अंदाज होता. त्याला एक जोडीदार असावा. लहान, पण फार तापलेला. साध्या प्रकाशात त्या ताऱ्याच्या उजेडात दिसायचा नाही. अतिनीलात तांबूस तारा विझल्यासारखा असतो, तिथे हाच एकटा दिसेल. तेवढं बघायलाच मी तेव्हा दुर्बीण बनवली होती. लोकांनी तेव्हा हसण्यावारी नेलं. खरं-खोटं कधी कळलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास चित्र आलं. कॉम्प्युटरच्या भोवती आम्ही सगळे, नवे संचालकसुद्धा. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर चित्र हळूहळू उलगडत गेलं. कडेला एक ठिपका. मग आणखी दोन. स्वच्छ, टोकदार, सुईनं टोचावे तसे. आरसा काम करत होता! मुजावर माझ्या खांद्यावर थाप मारायला निघाला आणि भानावर येऊन त्यानं टेबलावर मारली.

पण चित्राच्या मधोमध, जिथे तो जोडीदार असायला हवा होता, तिथे काळं होतं.

"आणखी वेळ देऊन बघते," मी म्हणाले. उपग्रहाची पुढची फेरी येईपर्यंत सगळे थांबलो. दुसरं चित्र आलं. कडेचे ठिपके जास्त उजळ आले, नवेही दिसायला लागले. मध्ये काळंच. तिसऱ्यांदा बघितलं. काळंच.

मला मागे वळून बघायची हिंमत होईना. या माणसानं आरसा दिला, खुर्ची दिली, आणि बदल्यात मी त्याला काय दाखवलं, तर काही नाही. "सर," मी तशीच पडद्याकडे बघत म्हणाले, "सॉरी, सर."

"सॉरी काय, बाई?"

मी वळले. ते चष्मा काढून डोळे पुसत होते, पण चेहरा, कसं सांगू, इतका मोकळा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. ते पुढे वाकले आणि पडद्यावरच्या त्या काळ्या जागेवर बोट ठेवलं.

"नाही तो तिथे," ते म्हणाले. "आरसा उत्तम आहे. मीच चुकलो."

"पण सर, इतकी वर्षं..."

"तेच तर. इतकी वर्षं मला कोणी काही सांगेना. रॉकेट पडलं, उत्तर नाही. पैसे मागितले, उत्तर नाही. दिल्लीला लिहिलं, उत्तर नाही. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. सगळे म्हणायचे बघू, आणि मग मीही तेच म्हणायला शिकलो." त्यांनी चष्मा परत चढवला. "आज पहिल्यांदा कोणीतरी स्पष्ट नाही म्हणालं. फार उपकार झाले, बाई, तुमचे."

माझे उपकार! मी सगळ्यांदेखत खाली वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला. आमच्या खात्यात असलं काही कुणी करत नाही. ते "अहो, अहो" करत मागे सरकले आणि जिना उतरून चालायला लागले.

आम्हाला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. मुजावर मागे जायला निघाला होता, तेवढ्यात खिडकीतून दिसलं, सर फाटकाबाहेर नाक्यावरच्या मिठाईच्या दुकानात शिरत होते. अर्ध्या तासानं पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन परत आले. फाटकावरच्या रखवालदारापासून सुरुवात केली. तो पेढा हातात धरून विचारत होता, "साहेब, कशाचे पेढे?"

"माझा अंदाज चुकला," हुद्दार सर म्हणाले. "घ्या ना, अजून एक घ्या."